यजमान कोण? जुन्या वाड्यात पाहुणे ठेवण्याविषयी



गेल्या काही महिन्यांत जुन्या नाशकातली आणि पंचवटीतली मंडळी आम्हाला एकच प्रश्न फिरून फिरून विचारतात. "सर, २०२७ चा सिंहस्थ जवळ आला. वाडा आहे, माडीवरच्या दोन खोल्या रिकाम्या पडल्यात. पाहुणे ठेवावेत का?" आता असा प्रश्न वास्तुविशारदाला विचारावा, हिशेब तपासणाऱ्याला विचारावा. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला का विचारावा? पण थोडं ऐकून घेतलं की कळतं, या प्रश्नाच्या पोटात दुसरा एक प्रश्न आहे. पैसे घेऊन घरात माणूस ठेवला, तर ते घर घर राहतं का? हा मात्र आमच्या विषयातला प्रश्न आहे. आज आपण दोन्ही प्रश्न एकत्र घेऊ, कारण ते वेगळे काढताच येत नाहीत.

सुरुवात नाशकापासूनच करू. 'बेड अँड ब्रेकफास्ट' हा शब्द आपल्याकडे नवा आहे, पण ती गोष्ट नवी नाही. धर्मशाळा आणि लॉज यांची गर्दी होण्याच्या आधी रामकुंडावर येणारा यात्रेकरू कुठे उतरत असे? आपल्या तीर्थोपाध्यायाच्या वाड्यात. गाव कोणतं, आडनाव काय, एवढं विचारलं की ते घराणं कोणत्या उपाध्यायाकडचं, हे ठरे. मग वह्या निघत. आजोबा कोणत्या साली आले होते, सोबत कोण होतं, कोणाचं श्राद्ध केलं, हे त्यांच्याच हस्ताक्षरात सापडे. जुनी पानं मोडीतली. यात्रेकरू ओसरीवर पथारी टाके, चौकातल्या विहिरीवर आंघोळ करी, घरातलं जेवी आणि निघताना दक्षिणा देई. खोलीचं भाडं म्हणून वेगळी रक्कम नसे, पण या सगळ्यावर त्या कुटुंबाचा संसार चाले. म्हणजे बघा, राहणं, खाणं, ओळख आणि पैसा ही चारही अंगं त्या व्यवस्थेत होती.

आता एक गंमत ऐका. त्या वाड्यात येणाऱ्या यात्रेकरूला उपाध्याय काय म्हणत? 'यजमान'. आजही म्हणतात. आपल्या रोजच्या मराठीत यजमान म्हणजे घरधनी, ज्याच्याकडे पाहुणे आले तो. पंचवटीत मात्र जो बाहेरून आला, तोच यजमान! कारण मूळ संस्कृतात यजमान म्हणजे यज्ञ करवून घेणारा, ज्याच्यासाठी आणि ज्याच्या खर्चाने कर्म चालतं तो. लॅटिनमध्येही 'होस्पेस' हा शब्द पाहुण्यालाही लागतो आणि पाहुणचार करणाऱ्यालाही. दोन वेगवेगळ्या भाषांनी एकच गोष्ट टिपली आहे. पाहुणा आणि घरधनी हे एका नात्याचे दोन शेवट आहेत, आणि कोण कोणावर अवलंबून आहे याचं उत्तर दर वेळी सरळ मिळत नाही.

मग पैशाने हे नातं बिघडतं का? आपल्याकडे एक समजूत पक्की आहे की अतिथी देवासारखा, म्हणून त्याच्याकडून पैसे घेणं म्हणजे देवाकडून भाडं घेणं. तैत्तिरीय उपनिषदातला अतिथीविषयीचा उपदेश आपण सरकारी जाहिरातींतही वाचतो. पण परंपरेनं अतिथीची व्याख्याही केलेली आहे, ती आपण विसरतो. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात एक रात्र राहणारा तो अतिथी असं म्हटलं आहे, आणि आपल्याच गावात राहणारा माणूस अतिथी होत नाही असंही सांगितलं आहे. म्हणजे अतिथ्याला मर्यादा होती. मुक्काम लांबला की नात्याचं नाव बदले.

इमान्युएल कांट या जर्मन तत्त्वज्ञानेही ही मर्यादा दुसऱ्या बाजूने मांडली. चिरशांतीवरच्या त्याच्या १७९५ च्या निबंधात तो म्हणतो की परक्या माणसाला आपल्या भूमीवर येण्याचा हक्क आहे, त्याला शत्रूसारखं वागवता येणार नाही. पण कोणाच्या घरी पाहुणा म्हणून राहण्याचा हक्क त्याला आपोआप मिळत नाही. त्यासाठी दोघांत खास, मैत्रीचा करार व्हावा लागतो. कांटच्या डोळ्यांपुढे राष्ट्रं होती, वाडे नव्हते. पण निवास-न्याहारीचं वर्णन याहून चांगलं आम्हाला सापडत नाही. हा मैत्रीचा करार आहे. दर, दिवस आणि नियम आधी ठरतात, आणि ठरल्यामुळेच दोघंही मोकळे राहतात. पाहुण्याला उपकाराचं ओझं नाही, घरच्यांना 'हे जाणार कधी' ही काळजी नाही.

पैशाची आणखी एक बाजू आहे, आणि ती नाशकात बोललीच पाहिजे. जुन्या वाड्याचा पाहुणचार सगळ्यांसाठी नव्हता. गाव आणि आडनाव विचारलं जाई, त्यातच जात विचारून होई. ज्या पंचवटीत यात्रेकरूंसाठी इतके वाडे उघडे होते, त्याच पंचवटीत २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी आणि हजारो माणसांनी तो पुढे वर्षानुवर्षं चालवला. देवळाचं दार बंद, तिथे शेजारच्या वाड्याचं दार काय उघडणार? म्हणून जुन्या आतिथ्याचे गोडवे गाताना जरा थांबावं. आज जो माणूस दोन हजार रुपये भरून खोली घेतो, त्याला आडनावाचा दाखला द्यावा लागत नाही. इथे पैशाने दार उघडलं, हे मान्य करायला हवं. राज्यघटनेच्या १५ व्या अनुच्छेदात दुकानं, उपाहारगृहं आणि हॉटेलं यांच्या प्रवेशात धर्म, जात, लिंग यांवरून अडवणूक करता येणार नाही असं म्हटलं आहे. 'आमच्याकडे फक्त आपल्या लोकांना ठेवतो' असं कुजबुजत सांगणारे घरमालक आम्हाला भेटले आहेत. ते परंपरा जपत नाहीत, परंपरेतला दोष तेवढा जपतात. ज्याला आडनाव ऐकल्याशिवाय किल्ली देववत नाही, त्याने या वाटेला जाऊ नये, हे आमचं स्पष्ट मत.

बरं, आता व्यवहाराकडे येऊ. महाराष्ट्राची न्याहारी व निवास योजना आहे, आणि केंद्राच्या पर्यटन खात्याचीही 'अतुल्य भारत' नावाखाली अशीच योजना आहे. केंद्राच्या योजनेत एक ते सहा खोल्या, म्हणजे जास्तीत जास्त बारा खाटा, अशी मर्यादा आहे. सोयींनुसार गोल्ड आणि सिल्व्हर असे दोन वर्ग आहेत. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात होमस्टेसाठी मुद्रा कर्ज देण्याची घोषणाही झाली. पण या सगळ्यात आमच्या दृष्टीने महत्त्वाची अट एकच: मालक किंवा त्याचं कुटुंब त्याच घरात राहत असलं पाहिजे. पुष्कळांना ही अट कागदोपत्री वाटते. आम्हाला वाटतं, सगळा विषय या एका अटीवर उभा आहे.

का ते सांगतो. स्पेनमध्ये १९२८ पासून सरकारने 'पारादोर' नावाची हॉटेलं काढली. पुढे त्यातली कितीतरी जुन्या किल्ल्यांत आणि मठांत सुरू झाली. इमारती वाचल्या, उत्तम वाचल्या. पण तिथे तुम्हाला घर भेटत नाही, हॉटेलच भेटतं. उलट गोव्यात लोटली गावचा फिगेरेदो कुटुंबाचा वाडा बघा. सोळाव्या शतकाच्या अखेरीस बांधला गेलेला म्हणून तो सांगितला जातो. त्याच्या एका भागात संग्रहालय आणि पाहुण्यांची सोय आहे, आणि पाहुण्याला आठवण राहते ती त्या घराची गोष्ट घरातल्याच माणसाकडून ऐकल्याची. सावंतवाडीच्या राजवाड्याच्या आवारात २०२२ मध्ये पाहुण्यांसाठी निवास सुरू झाला. तिथल्या खोल्यांना गंजिफाच्या दशावतारी पत्त्यांवरून नावं आहेत, आणि ते पत्ते रंगवण्याचं काम त्याच राजवाड्यात चालतं. तिथे पाहुणा एका चालू कामाच्या शेजारी झोपतो. वाड्याचा पाहुणा हेच घ्यायला येतो. नुसती गादी आणि गरम पाणी स्टेशन रोडला स्वस्तात मिळतं.

आता आपल्या वाड्याच्या शरीराकडे बघू. नाशिकचा जुना वाडा म्हणजे दगडी जोतं, त्यावर तळखडे, तळखड्यांवर सागवानी खांब, त्यांवर तुळया, आणि माडीची जमीन कडीपाटाची, वर माती. भिंती विटांच्या, चुन्यात किंवा मातीत बांधलेल्या. घर मोजायचं ते खणांत. या बांधणीला एकच मोठा शत्रू: साचलेलं पाणी. आणि शहरातला पाहुणा सगळ्यांत आधी काय मागतो? खोलीला लागून न्हाणीघर! माडीवर टाइल्स बसवून न्हाणी केली, की पहिलं वर्ष छान जातं. मग सांध्यातून पाणी झिरपतं, माती ओली राहते, कडीपाट आणि तुळईची टोकं कुजतात, वाळवी लागते. वरून सगळं चकचकीत, आतून खांदा गेलेला. भिंतीला सिमेंटचा गिलावा केला तर तीच गत. जुन्या भिंतीत मुरलेल्या ओलीला बाहेर पडायला वाट लागते, ती सिमेंट अडवतं. म्हणून न्हाणीघरं तळमजल्यावर, परसाच्या बाजूला, दगडी जोत्यावर घ्यावीत. पाहुण्याला चार पायऱ्या उतराव्या लागतील. ते खोली देतानाच सांगावं. नको असेल तर तो येणार नाही, चालेल.

इथे तत्त्वज्ञानातला एक जुना प्रश्न उपयोगी पडतो. प्लुटार्कने थिसियसच्या जहाजाची गोष्ट सांगितली आहे. अथेन्सच्या लोकांनी ते जहाज जपून ठेवलं. फळी कुजली की काढायची, नवी घालायची. अशा सगळ्या फळ्या बदलल्यावर जहाज तेच की दुसरं? वर्गात यावर तास जातो. वाड्यात राहणाऱ्याला मात्र दर पावसाळ्याआधी हा प्रश्न सोडवावा लागतो. आमचं उत्तर असं: सामान बदललं म्हणून वाडा बदलत नाही, तुळया पूर्वीही बदलत होत्या. घराची मांडणी आणि घरातली वहिवाट मोडली की मग बदलतो. दिंडी दरवाज्यातून आत आलं की ओसरी, मग चौक, मग माजघर, मग देवघर. ही बाहेरून आत जाणारी पायरी-पायरीची ओळख आहे. पाहुण्याने किती आत यावं, हे वाडा बांधणाऱ्यानेच ठरवून ठेवलंय. चौकावर काच टाकून 'लॉबी' केली, माजघराचे तीन कप्पे पाडले, की एकही तुळई न बदलता वाडा गेला. ओसरी आणि दिंडीवरची माडी पाहुण्यांना द्यावी. माजघर घराचं ठेवावं. देवघर दाखवायचं की नाही, हे घरच्यांनी ठरवावं आणि सगळ्या पाहुण्यांना एकच नियम लावावा.

पुढचा मुद्दा पैशाचा. आपण एक हिशेब मांडू. आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत. दोन खोल्या, दर रात्री प्रत्येकी दोन हजार, आणि वर्षातून प्रत्येक खोलीला शंभर रात्री पाहुणे मिळाले. झाले चार लाख. न्याहारी, चादरी-टॉवेलांची धुलाई, वीज, मदतीला येणाऱ्या बाईंचा पगार, सगळं मिळून रात्रीला खोलीमागे नऊशे खर्च धरला तर एक लाख ऐंशी हजार गेले. उरले दोन लाख वीस हजार. आता वाड्याचे हिस्सेदार किती? सात धरा. वाटणी केली तर प्रत्येकाच्या हाती साधारण साडेएकतीस हजार, वर्षाचे! बिल्डरच्या आकड्यापुढे हा आकडा कुठे टिकतो? पण तेच दोन लाख वीस हजार न वाटता दर वर्षी छपरावर, तुळयांवर आणि वाळवीच्या बंदोबस्तावर घातले, तर वाडा उभा राहतो. पाहुण्यांचा पैसा आधी घराचा, मग माणसांचा, हे लेखी ठरवावं.

लेखी हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतकाच हक्क मिळाला. पुण्यातली आत्या आणि अमेरिकेतली बहीण यांची संमती घेतल्याशिवाय एक भाऊ पाटी लावून मोकळा झाला, तर पहिला पाहुणा यायच्या आधी नोटीस येते. वाड्यात जुने भाडेकरू असतील तर त्यांच्या वापराचा रस्ता, नळ, जिना यांचाही विचार करावा लागतो. परदेशी पाहुणा उतरला तर चोवीस तासांच्या आत त्याची नोंद द्यावी लागते. हा नियम घरगुती निवासालाही आहे. वीज, पाणी आणि घरपट्टी कोणत्या दराने लागणार, हे अर्ज करण्याआधी विचारून घ्यावं.

सुरक्षिततेबद्दल थोडक्यात, पण गंभीरपणे. लाकडी घर आणि जुनी वायरिंग ही जोडी वाईट. खोलीत एसी आणि गिझर लावण्याआधी सगळी वायरिंग बदलावी, अग्निशामक नळकांडं ठेवावं आणि दिंडीखेरीज बाहेर पडायची दुसरी वाट आहे का ते बघावं. जिना अरुंद नि उभा असतो. कठड्याला दोर आणि पायरीला दिवा हवा. गोदाकाठच्या वाड्यांना पूर माहीत आहे. १९६९ चा महापूर जुनी माणसं अजून सांगतात. २००८, २०१६ आणि २०१९ मध्येही पाणी चढलं, आणि ते कुठवर आलं हे नाशिककर दुतोंड्या मारुतीकडे बघून मोजतो. पावसाळ्यात काठावरच्या तळमजल्याची खोली देऊ नये. आणि सिंहस्थाबद्दल: २७ ऑगस्ट २००३ रोजी पंचवटीत सरदार चौकाच्या अरुंद वाटेवर चेंगराचेंगरी होऊन माणसं गेली, हे विसरू नका. पर्वणीच्या दिवशी दोन खोल्यांत वीस माणसं कोंबणं हा पाहुणचार नव्हे. सिंहस्थ बारा वर्षांनी येतो. त्याच्या भरवशावर कर्ज काढू नये. मधल्या वर्षांत द्राक्षमळे आणि वायनरी बघायला येणारा, पितरांचं कार्य करायला येणारा, जुन्या गल्ल्या चालत बघणारा असा पाहुणा येतो. त्याच्यासाठी खोली तयार करावी.

आता शेवटचा आणि आमच्या मते सगळ्यांत अवघड मुद्दा. न्याहारी कोण करणार? योजनेच्या नावात न्याहारी आहे, पण ती करणाऱ्याचं नाव कुठे नाही. शेतकऱ्याच्या बोलीतला हा शब्द; सकाळी काम करणाऱ्याच्या पोटाचा आधार. घरमालक ओसरीवर बसून पाहुण्याला पेशव्यांच्या काळातल्या गोष्टी सांगतो आणि आत त्याची पत्नी किंवा सून सकाळी साडेपाचपासून थालीपिठं लावते. पाहुणा वहीत लिहून जातो, 'घरच्यासारखं वाटलं'. कोणाच्या जिवावर? जुन्या उपाध्यायांच्या वाड्यांतही हेच होतं: दक्षिणा ओसरीवर जमा होई आणि चूल माजघरात जळे. आमचं म्हणणं साधं आहे. न्याहारी करणारीला ठरलेला मोबदला, तिच्या स्वतःच्या खात्यात. वर्षातून किती दिवस पाहुणे घ्यायचे, हे ठरवताना तिचं मत शेवटचं. ती नको म्हणाली तर पाटी लावू नये. मालकाने घरात राहिलं पाहिजे अशी अट सरकारने घातली. घरात राहणाऱ्या सगळ्यांची मर्जी असली पाहिजे, ही अट आपण आपल्याला घालून घ्यावी.

तर सुरुवातीच्या दोन प्रश्नांची उत्तरं. पाहुणे ठेवावेत का? हिस्सेदारांची संमती असेल, तुळया तपासून घेतल्या असतील आणि येणाऱ्या पैशातून आधी छप्पर दुरुस्त करायची तयारी असेल, तर जरूर ठेवावेत. एका खोलीपासून सुरुवात करावी, एक पावसाळा आणि एक हिवाळा जाऊ द्यावा, मग दुसरीचा विचार करावा. आणि पैसे घेतल्यावर घर घर राहतं का? राहतं, जोवर त्या घरात कोणी राहतं. नाशकात कुलूपबंद वाडे आपण बघतो. त्यांच्या मालकांनी कोणाकडून पैसा घेतलेला नाही, तरी ती आता घरं राहिली नाहीत. पाहुण्यासाठी सकाळी दिंडीची कडी काढावी लागते, चौक झाडावा लागतो, चूल पेटवावी लागते. एवढ्यानेही वाड्याचं आयुष्य काही वर्षांनी वाढतं.

व्याख्यान ऐकल्यावर तुमच्यापैकी कोणी अर्ज भरायला निघालाच, तर अर्जाआधी घरातल्या सगळ्यांना एकदा माजघरात बसवा आणि विचारा. आमचा सल्ला एवढाच.